सागिन एजेंच्या घरचा कचरा

२ नोव्हेंबर

आज छपाईच्या दुकानात एक पत्रक जुळवायला आलं. एरवी आमच्याकडे लग्नाचे फलक, टायरच्या दुकानाच्या पाट्या, वाढदिवसाच्या शुभेच्छा असं काम येतं. हे वेगळं होतं. घरातला कचरा कमी केला की हवेत जाणारा कार्बन कसा कमी होतो, ते त्यात सांगितलं होतं. प्रत्येक घराचा म्हणे एक पाऊलठसा असतो. तो मातीत उमटत नाही, आकाशात उमटतो. चुका काढण्याचं काम माझं असल्यामुळे मी ते पुन्हा पुन्हा वाचलं. चूक एकच सापडली, तीही स्वल्पविरामाची. पण मजकूर डोक्यातून जाईना.

आमचे मालक कुबात बायके, म्हणजे कुबातदादा, म्हणाले, "सामात, तुला अक्षरं जुळवायला दिलीत. पाठ करायला नाही."

मी तंत्रशाळा दुसऱ्या वर्षी सोडली, त्यामुळे मला एखादी गोष्ट समजली आहे हे लोकांना पटत नाही.

संध्याकाळी बसथांब्यावर जिबेक भेटली, जिच्याशी माझं लग्न ठरायचं आहे ती. आमच्या वस्तीवर धुराची चादर पसरली होती. बिश्केकमध्ये थंडी सुरू झाली की पलीकडचे डोंगर दिसेनासे होतात. ती म्हणाली, "आमच्या नारिनमध्ये आकाश असतं. इथे काय आहे? ज्याच्या धुराड्यातून काळा धूर निघतो, त्या घरी मी नाही नांदणार बाबा." आणि हसली. हसली खरी, पण माणूस खरं तेच हसत बोलतो.

८ डिसेंबरला तिच्या घरचे तिला घेऊन आमचं घर बघायला येणार आहेत. वडील, आत्या आणि मोठे काका. शब्द काकांचाच चालतो. घर आवडलं तर तिथेच लग्नाची तारीख ठरेल. नाही आवडलं तर चहा पिऊन जातील आणि नंतर फोन उचलणार नाहीत. गेल्या वर्षीचं स्थळ तसंच गेलं. आपा, म्हणजे माझी आई, म्हणते माझ्या स्वभावामुळे गेलं. मी फक्त त्या लोकांच्या आजोबांच्या थडग्यावरची चूक दाखवली होती. चूक होतीच.

ठरवलं आहे. ८ डिसेंबरपर्यंत या घरातून कचरा जवळजवळ निघायचा नाही, आणि चुलीत कोळशाशिवाय काही जायचं नाही. आपाला सगळं नीट समजावून सांगितलं. तिने शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, "चहा निवतोय."

५ नोव्हेंबर

तीन बादल्या आणल्या, झाकणांसकट. आणि एक काटा, रोजचा कचरा तोलायला. काट्याचं खोकं चार घड्या करून कागदाच्या बादलीत ठेवलं.

आपा चूल पेटवताना आधी प्लॅस्टिकची बाटली टाकते. ती म्हणते कोळसा लवकर धरतो. आज तिचा हात मी मध्येच धरला.

"आपा, यातून विष निघतं."

"निघतं तर धुराड्यातून निघतं ना? घरात कुठे येतं?"

"ते आकाशात जातं!"

"मग आकाशाला सांग खिडकी लावून घ्यायला."

बाबांचे फाटके रबरी बूट ती चुलीसाठी राखून होती. ते मी काढून घेतले आणि तिसऱ्या बादलीजवळ ठेवले. बाबा गेल्याला सहा वर्षं झाली, बूट अजून चुलीच्या रांगेत. मी जाळू देणार नाही म्हटल्यावर तिने एक बूट उचलून उगाच फडक्याने पुसला आणि परत ठेवला.

कुबात बायकेंनी परवाच्या कार्यक्रमाचा फलक फेकायला काढला होता. भलामोठा. 'स्वच्छ हवा, आपला हक्क.' मी तो घरी आणून अंगणातला कोळसा झाकला. वाया जाऊ दिला नाही.

९ नोव्हेंबर

आज मला ती सापडली. चुलीमागच्या कपाटात, फुलाफुलांच्या अभ्र्यात कोंबलेली. पिशव्यांची पिशवी. बाजारातून आलेली एकूण एक प्लॅस्टिकची पिशवी आपाने धुऊन, वाळवून, घडी घालून तिच्यात साठवली आहे. काही पिशव्यांवर ज्या दुकानांची नावं आहेत ती दुकानं मी शाळेत असतानाच बंद झाली.

"आपा, हे काय आहे?"

"पिशव्या."

"ते दिसतंय. कशाला?"

"लागतात."

"कोणाला?"

"माणसांना, सामात. माणसांना लागतात. तुझ्या घरी माणसं आली तर तुला कळेल."

पत्रकात लिहिलं आहे की घरच्यांशी भांडू नये, उदाहरण घालून द्यावं. पिशवीचं तोंड निळ्या दोरीने बांधलं, गाठ दोनदा मारली आणि फाटकाबाहेर ठेवली. उद्या सकाळी प्लॅस्टिक गोळा करणारी गाडी येते.

१० नोव्हेंबर

कौतुक करावं तेवढं थोडं. गाडी दहाला येते असं पाटीवर आहे. मी साताला तोंड धुवायला बाहेर आलो तेव्हा पिशवी नेलेली होती. उगाच आपण या खात्याला नावं ठेवतो.

मला वाटलं होतं आपा रडेल. उलट गुणगुणत होती.

१४ नोव्हेंबर

आज लिहायला हात धजत नाही.

मागच्या अंगणात मी खड्डा खणला आहे. साली, चहाचा चोथा, कांद्याची टरफलं त्यात टाकतो आणि वर माती. पत्रकातल्या यादीत पावही आहे. बुरशी आलेल्या दोन नान होत्या. मला माहीत आहे की नान फेकत नाहीत. ती कुंपणावर पिशवीत टांगतात, गुरंवाला घेऊन जातो. पण बुरशीची नान गुरालाही चांगली नाही, आणि टांगायला पिशवी कुठे होती? मी तुकडे केले. टाकताना दुसरीकडे बघितलं, हे इथे लिहून ठेवतो.

शेजारच्या सागिन एजेंनी, म्हणजे सागिनमावशींनी, कुंपणावरून पाहिलं. त्या एकट्या राहतात, म्हणून त्यांना सगळीकडे बघायला वेळ असतो. ओरडल्या, "अगं ए, तुझा मुलगा भाकरी पुरतोय! जिवंतपणी!"

आपा अनवाणी धावत आली. खड्ड्याशी गुडघे टेकून तिने एकेक तुकडा वर काढला, फुंकला, कपाळाला लावला. मला शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. तुकडे ओच्यात घेऊन ती एवढंच म्हणाली, "ज्या वर्षी तू झालास त्या वर्षी पिठासाठी रांगेत उभी राहिले मी."

ते तुकडे तिने नाल्यापलीकडे नेऊन पाखरांना घातले. मी यादीतल्या 'पाव' या शब्दावर रेघ मारली. छापील गोष्ट चुकीची असू शकते, हे मला इतर कोणाहून जास्त माहीत असायला हवं होतं.

१९ नोव्हेंबर

आनंदाची बातमी. बादल्या हलक्या होत चालल्या आहेत. आज काट्यावर ठेवल्या तर काटा जागचा नीट हललासुद्धा नाही. खोकी, झाकणं, फुटलेली बरणी, कशाचाच पत्ता नाही. आपा आता मन लावून वागते आहे. पद्धत लागू पडली. मी कुबात बायकेंना सांगितलं. ते म्हणाले, "म्हणजे तुम्ही जेवत नाही की काय?"

आणखी एक चांगली गोष्ट. आपा रोज संध्याकाळी विणकामाची टोपली घेऊन सागिन एजेंकडे जाऊन बसते. वर शाल झाकलेली असते. बाबा गेल्यापासून ती कोणाकडे जात नव्हती. विणलेलं अजून काही दिसलं नाही, पण या वयात हात सावकाश चालतो. मी फाटकापर्यंत टोपली धरू का विचारलं तर नको म्हणाली. जड वाटत होती. लोकर जड असते.

२४ नोव्हेंबर

माणसाने किती सहन करायचं? मी घरात काडीकाडी जपायची आणि कुंपणापलीकडे सागिन एजेंनी दिवसाढवळ्या धूर सोडायचा! काळा, दाट, रबराच्या वासाचा. त्यांचं कचऱ्याचं पिंप तर ओसंडून वाहतं आहे. जिबेकचे काका याच गल्लीतून येणार. त्यांना काय कळणार धूर कोणाचा?

मी सभ्यपणे बोलायला गेलो. आपाही मागून आली, का ते कळलं नाही.

"एजे, तुम्ही एकट्या. इतका कचरा कुठून होतो?"

एजेंनी आधी आपाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मलाही तेच नवल वाटतं, बाळा. हल्ली फार होतो बघ. खाणारं तोंड एक आणि कचरा तिघांचा."

"तुम्ही विकत घेताना विचार करत नसाल."

"नसेनच."

"ओलं, सुकं वेगळं ठेवता?"

"शिकव की. तुझी आई म्हणते तू मोठा हुशार आहेस."

मी सगळं शिकवलं. त्यांना खोकला आला आणि त्यांनी शालीने तोंड झाकलं. आपा जमिनीकडे बघत होती. परत येताना मी म्हटलं, "बघितलंस? अशा लोकांमुळे शहराचं हे झालंय." आपा म्हणाली, "सागिन चांगली आहे रे." मी म्हटलं, चांगली असून उपयोग काय?

१ डिसेंबर

मेंढीवरून भांडण. मी म्हटलं चार पाहुणे आणि आपण दोघं. अर्धी मेंढी पुरे. पत्रकाप्रमाणे मांसाचा पाऊलठसा सगळ्यात खोल.

"व्याह्यांसमोर अर्धी मेंढी?" आपाने सुरी खाली ठेवली. "मेंढी नाही कापली तर तुला कापीन. तू पण तेवढाच भरशील."

मेंढी पूर्ण ठरली. जेवणाच्या कापडावर अंथरायचा प्लॅस्टिकचा पातळ कागद मात्र मी आणू दिला नाही. ताटंही कागदी नाहीत. आणि केशिकाची सोय मी स्वतः केली आहे. पाहुणा आपल्या वाट्याचं हाड पानात पूर्ण संपवत नाही, घरच्यांसाठी घेऊन जातो, तो वाटा म्हणजे केशिक. त्यासाठी दरवेळी प्लॅस्टिकच्या पिशव्या वाटतात. मी पिठाच्या जुन्या पोत्यांच्या छोट्या सुती थैल्या शिवल्या. टाके बारीक आले आहेत. प्रत्येकीवर निळ्या धाग्याने पाहुण्याचं नाव घातलं. आपाला दाखवल्या.

ती थैली प्रकाशाकडे धरून बघत राहिली. "शिवण छान आहे," म्हणाली. मग हळूच, "सामात, यात रस्सा..."

"आपा, एकदा तरी माझ्यावर विश्वास ठेव."

तिने थैली घडी घालून दिली.

७ डिसेंबर

सगळी तयारी झाली. झोप येणार नाही. घर इतकं स्वच्छ आहे की मलाच चालायची भीती वाटते.

९ डिसेंबर

काल लिहिण्याच्या स्थितीत नव्हतो. जसं घडलं तसं आज लिहितो.

पाहुणे दुपारी आले. जिबेक, तिचे वडील, आत्या आणि मोठे काका. काका फाटकातच थांबले आणि मान वर करून बघत राहिले. मीही वर पाहिलं. आमच्या धुराड्यातून काळा धूर निघत होता. आमच्या! चुलीत कोळशाशिवाय काही नव्हतं, मी शपथेवर सांगू शकतो.

"पोरा, धुराडं कधी झाडलंस?" काकांनी विचारलं.

पत्रकात धुराड्याबद्दल काहीच नव्हतं.

मग ते कोळशाच्या ढिगाशी गेले, फलकाचं टोक उचललं. खाली कोळसा घामेजल्यासारखा ओला. "हवा कोंडलीस याची," म्हणाले, आणि फलकावरची अक्षरं मोठ्याने वाचली. "स्वच्छ हवा, आपला हक्क." जिबेकने ओढणी तोंडात धरली.

तरी जेवणापर्यंत सगळं ठीक होतं. आपाने बोर्सोक, म्हणजे कणकेचे फुगीर तुकडे, तळले होते, कापड दिसू नये इतकं मांडलं होतं. काकांना मानाचं हाड दिलं. मग आपाने रिवाजाप्रमाणे काकांच्या खांद्यावर नवा मखमली चपान, म्हणजे लांब अंगरखा, घातला. त्या चपानासाठी ती दोन हिवाळे दुसऱ्यांच्या गाद्या शिवत होती. काका खूश झाले. वडिलांनी वसंताचा विषय काढला. म्हणजे तारखेचा! जिबेकने माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं हीच वेळ आहे, आणि मी थैल्या वाटल्या.

आत्याने थैली उलटसुलट केली. "हे काय, मीठ ठेवायला?"

"नाही, आत्या, केशिकासाठी. धुऊन पुन्हा वापरता येते."

"यात? नारिनपर्यंत?"

थैलीवर नाव पाहून काकांनी हसून मान डोलावली. आपलं हाड, चरबीचा मोठा तुकडा, सगळं थैलीत भरलं आणि थैली मांडीवर घेतली. मी धुऊन वापरण्याचे फायदे सांगत होतो. सांगता सांगता पाहिलं तर निळ्या धाग्याचं नाव पिवळं होत होतं. मग चपानावर काळा डाग आला. बशीएवढा झाला. ताटाएवढा झाला.

काका खाली बघत म्हणाले, "मटण मला दिलंत की चपानाला?"

कोणी हसलं नाही. आत्या आपाकडे वळली, आवाज अगदी मऊ करून. "विहीणबाई, घरात पिशवी नाही का हो एखादी?"

आपाचा चेहरा मी कधी विसरणार नाही. ज्या घरातून पाहुणा रिकाम्या हाताने जातो, त्या घराबद्दल लोक काय बोलतात ते मला माहीत आहे. काकांनी थैली कापडावर ठेवली. "असू दे, असू दे. शहरात बसा, जेवा आणि उठा असा रिवाज झाला असेल." ते उठायला लागले. जिबेकचे वडील वसंताचं विसरून बूट शोधायला लागले.

"बायके, एक घोट चहा," आपा म्हणाली. "चहा न घेता उठलात तर मी मेले असं समजा." आणि बाहेर पळाली. शाल न घेता, बर्फातून.

मी तिथे बसून होतो. कोणीतरी काहीतरी बोलायला हवं होतं, आणि बोलण्यासारखं सगळं मी आधीच बोलून बसलो होतो.

आपा परत आली तेव्हा तिच्या मागे सागिन एजे होत्या आणि दोघींच्या मध्ये फुलाफुलांचा अभ्रा. एजे दारातूनच सुरू झाल्या, "तुमच्या विहीणबाईंनी माझ्याकडे ठेवायला दिल्या होत्या हो, यांच्याकडे इतकं सामान आलंय की कपाटात जागा नाही!" आपा गुडघ्यावर बसून पिशव्या काढत गेली. चरबीला दुहेरी, रश्श्याला तिहेरी, बोर्सोकला वेगळी, टरबुजाला हँडलची. काकांपुढे इतक्या पिशव्या भरल्या की शेवटी तेच म्हणाले, "पुरे, विहीणबाई, मला आमच्या गावात दुकान काढायचं नाही." मग चपान काढून आपाकडे दिला. "राखेने घासा. जाईल डाग. लग्नात घालीन."

लग्नात घालीन म्हणाले! बर्फ वितळल्यावरची तारीख ठरली. सगळ्यांनी हात वर करून दुआ मागितली.

निघताना फाटकाशी जिबेक मला म्हणाली, "मी धुराबद्दल बोलले होते. पिशव्यांबद्दल कधी बोलले?"

"मला वाटलं अट आहे."

"गंमत होती, सामात!" मग जरा थांबून, "पण धुराडं झाड. ती गंमत नाही."

म्हणजे हा सगळा महिना!

एक गोष्ट मात्र उलगडत नाही. त्या अभ्र्याच्या तोंडाला निळी दोरी होती. गाठ माझी होती, दोनदा मारलेली. गाडीवाल्यांनी ती सागिन एजेंना विकली असणार, आणि एजेंनी वेळ मारून नेली. खात्याकडे तक्रार करायला हवी.

१० डिसेंबर

उरलेल्या पिशव्या परत करायला सागिन एजेंकडे गेलो. त्या कोंबड्यांकडे होत्या. पिंपाशेजारी भिंतीला टेकून पोती उभी होती, तोंडं उघडी.

पहिल्या पोत्यात वरच माझ्या काट्याचं खोकं होतं, चार घड्या केलेलं. त्याखाली माझ्या बादल्यांची वेष्टनं. आमची फुटलेली बरणी. पोत्यापलीकडे, चुलीच्या सरपणाशेजारी, बाबांचा एक रबरी बूट. दुसरा नव्हता. तो रबराच्या वासाचा धूर मला आठवला.

एजे हात पुसत आल्या. "आलास? बघ, तू सांगितलंस तसं केलंय. ओलं इकडे, सुकं तिकडे. एकट्या बाईचा कचरा, पण बघ कसा नीट ठेवलाय."

मी पोत्यांकडे बघत राहिलो. खरंच नीट होतं. आमच्या घरापेक्षा नीट.

"काच त्यात नको, एजे," मी म्हणालो. "हात कापेल." मी काच वेगळी काढून दिली. मग बूट उचलला. "हा नेऊ का?"

"ने बाबा. तिनेच सांगितलं होतं, एकच जाळ म्हणून."

दुपारी छपरावर चढून धुराडं झाडलं. इतकी काजळी निघाली की बाबा गेल्यापासून कोणी झाडलंच नसणार. आपा खालून ओरडत होती, "मान मोडून घेशील, लग्न ठरलंय तुझं!"

संध्याकाळी तिने नेहमीप्रमाणे शाल गुंडाळली, टोपली उचलली.

"आपा, बाहेर निसरडं झालंय. आज नको जाऊस."

"विणकाम आहे रे."

"ठाऊक आहे. इथेच बस."

ती दाराशी उभी राहिली. माझ्या हातांवरची काजळी बघितली, कोपऱ्यात ठेवलेला बूट बघितला. मग तिने टोपली हळूच बादल्यांशेजारी ठेवली आणि शाल काढली. मी झाकणं उघडली. आम्ही दोघांनी मिळून टोपलीतलं सगळं बादल्यांत घातलं. तिन्ही काठोकाठ भरल्या, तिसरीचं झाकण बसेना.

वजन केलं नाही.